प्रदूषणाच्या धड्यात मुलं घोषणा देतात, युक्तिवाद करत नाहीत. काय करावं?

प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिका आठवी-नववीला विज्ञान शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रदूषणाचा धडा सुरू झाला की मुलं भरभरून बोलतात, पण 'झाडे लावा', 'प्लॅस्टिक टाळा', 'कारखाने बंद करा' याच्या पुढे गाडी सरकत नाही. 'का?' असं विचारलं की तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात पुन्हा येतं. गटचर्चा ठेवली तर दोघं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. मुलांना युक्तिवाद शिकवायचा कसा, तो तपासायचा कशावरून, आणि या सगळ्याला वेळ कुठून काढायचा, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मूळ अडचण इथे आहे की प्रदूषण वाईट असतं हे मुलांना धडा उघडायच्या आधीच पाठ असतं. वर्गात एकही जण उलट बाजू घेणार नाही. समोर कुणी शंका घेणारंच नसेल तर पुरावा दाखवायचा कुणाला? मग मुलं पुरावा देण्याऐवजी आपण चांगल्या बाजूला आहोत एवढं सांगून मोकळी होतात. हीच मुलं मैदानावर कोण बाद आणि कोण नाही यावर किती बारकाईने बोलतात ते ऐका: चेंडू कुठे पडला, कोण कुठे उभं होतं, कुणाला दिसलं आणि कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. कुवत आहेच. 'जलप्रदूषणाचे दुष्परिणाम सांगा' या प्रश्नाला मात्र यादी हेच बरोबर उत्तर आहे, आणि ती ते देतात.

म्हणून सगळ्यात आधी प्रश्न बदला. ज्या प्रश्नाची किमान दोन पटण्यासारखी उत्तरं निघू शकतात, आणि त्यांतलं कुठलं जास्त टिकतं हे हातातल्या नोंदींवरून ताडून पाहता येतं, असाच प्रश्न युक्तिवादासाठी घ्यावा. 'प्रदूषण वाईट आहे का' यावर वाद होत नाही. 'हे मासे कशामुळे मेले' यावर होतो.

मी वापरते तो एक नमुना सविस्तर देते. आकडे मी वर्गासाठी रचलेले आहेत आणि मुलांनाही तसं सांगते. एका नदीवर चार ठिकाणी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजला आहे, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. पहिल्या आणि दुसऱ्या ठिकाणाच्या मध्ये सांडपाण्याचा नाला नदीला मिळतो. मेलेले मासे सापडले तिसऱ्या ठिकाणी.

पहिलं ठिकाण, नाल्याच्या वरच्या अंगाला: दुपारी २ वाजता, पाण्याचं तापमान २६ अंश सेल्सिअस, ऑक्सिजन ७.९.
दुसरं, नाल्याच्या तोंडाला लागून खाली: सकाळी ११ वाजता, २५ अंश, ऑक्सिजन ६.६.
तिसरं, बरंच खाली: सकाळी ६ वाजता, २३ अंश, ऑक्सिजन ३.८.
चौथं, त्याहूनही खाली: सकाळी ७ वाजता, २३ अंश, ऑक्सिजन ६.०.

सोबत एक छोटा तक्ता: गोड्या पाण्यात २० अंशाला जास्तीत जास्त सुमारे ९.१, २५ अंशाला ८.३ आणि ३० अंशाला ७.६ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो. आणि एक वाक्य: ऑक्सिजन ५ च्या खाली गेला की बऱ्याच जातींच्या माशांना त्रास सुरू होतो, २ च्या खाली बहुतेक मासे तग धरत नाहीत. प्रश्न एकच. तिसऱ्या ठिकाणचे मासे नाल्यामुळे मेले का?

गटात साधारण असं बोलणं होतं.

"नाल्यामुळेच. सांडपाणी घाण असतं."

"मग नाल्याच्या तोंडाशी ६.६ कसा? तिथे सगळ्यात कमी पाहिजे ना?"

"म्हणजे नाला नाही. दुसरंच काहीतरी आहे."

"तापमान असेल. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तक्त्यात दिलंय."

"पण तिसऱ्या ठिकाणचं पाणी पहिल्यापेक्षा गार आहे. मग तिथे जास्त मावायला पाहिजे."

इथे गट अडतो. थोड्या वेळाने कुणीतरी हात वर करतं: "बाई, या वेळा वेगवेगळ्या का आहेत?"

या प्रश्नासाठीच तो सगळा तक्ता मांडलेला असतो. पाण्यातली शेवाळं आणि वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडतात, रात्री फक्त श्वसन करतात. त्यामुळे ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी भरपूर असू शकतो. म्हणजे दुपारी २ ची नोंद आणि सकाळी ६ ची नोंद शेजारी ठेवून 'नाल्यामुळे घटला' म्हणणं कच्चं आहे. कदाचित फक्त वेळेमुळेच फरक पडला असेल. मुलं इथे खूश होतात आणि नाल्याला निर्दोष सोडायला निघतात. मग मी एवढंच म्हणते, "चौथ्या ठिकाणची वेळ बघा." सकाळी ७. तिसऱ्या ठिकाणाहून जेमतेम एका तासाचा फरक, तापमान तेच, आणि ऑक्सिजन ३.८ च्या जागी ६.०. नुसत्या वेळेने एवढी तफावत सहसा पडणार नाही.

राहता राहिला नाल्याच्या तोंडाशी असलेला ६.६. सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ स्वतः ऑक्सिजन खात नाहीत. ते कुजवणारे सूक्ष्मजीव खातात, आणि त्यांना त्यासाठी वेळ लागतो. तोवर पाणी पुढे वाहत गेलेलं असतं. म्हणून ऑक्सिजनचा तळ नाल्याच्या तोंडाशी न दिसता बऱ्याच अंतरावर खाली दिसतो. आणखी पुढे पाणी हवेतून ऑक्सिजन पुन्हा घेतं आणि आकडा वर येतो. ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये याच घसरणीचं आणि सावरण्याचं गणित मांडलं. ते गणित आठवी-नववीला नको, पण आलेखाचा आकार मुलांना सहज कळतो. जो ६.६ नाल्याच्या बाजूने साक्ष देत होता, तोच आता नाल्याच्या विरुद्ध उभा राहतो. आकडा तसूभर बदललेला नाही. त्याचा अर्थ लावणारं विज्ञान मधे आलं.

आपल्याला जे शिकवायचं आहे त्याचं मर्म इथे आहे. तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली, तीच आज विज्ञान शिक्षणात सर्वांत जास्त वापरली जाते. तिच्यात दावा असतो, दाव्याला आधार देणारी माहिती असते, आणि ती माहिती या दाव्याला आधार कशी काय ठरते हे सांगणारा दुवा असतो. त्या दुव्यामागचं पाठबळ, दावा किती खात्रीने केला आहे याची मर्यादा आणि तो कुठल्या परिस्थितीत कोसळेल ते, असे आणखी तीन भाग आहेत. शाळेत सहाही भागांची नावं पाठ करून घेऊ नका. दावा, पुरावा, दुवा आणि 'दुसरं कारण असू शकेल का' या चार गोष्टी पुरतात. त्यांतही दावा आणि पुरावा मुलं लवकर शिकतात. सांगितलं की आकडा लिहितात. अडतं ते दुव्यापाशी. 'ऑक्सिजन ३.८ आहे, म्हणून नाला जबाबदार' असं लिहून मूल थांबतं, कारण त्याच्या दृष्टीने मधली पायरी उघडच आहे. ती उघड नाही, हे दिसेल अशी उदाहरणं आपण आणली पाहिजेत.

माझ्या मते यासाठी शिशाच्या इतिहासाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलं जात होतं त्या काळात रॉबर्ट कीहो या वैद्यकीय संशोधकांचा शब्द या विषयात अखेरचा मानला जाई. त्यांचं म्हणणं असं: शिसं सगळ्याच माणसांच्या शरीरात सापडतं, ते निसर्गतःच तिथे असतं, शरीर ते बाहेर टाकतं, आणि एका ठराविक पातळीखाली धोका नाही. मग क्लेअर पॅटरसन आले. पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं आहे हे १९५६ मध्ये ठरवणारे हेच भूरसायनशास्त्रज्ञ. त्या कामात शिशाची अतिसूक्ष्म मोजमापं करताना आपल्या प्रयोगशाळेत चहूकडून शिसं येतंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं की आजच्या माणसाच्या शरीरात शिशाचं जे प्रमाण नेहमी आढळतं ते नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभरपट आहे. पुढे ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांतही हेच दिसलं: जुन्या थरांत शिसं नगण्य, अलीकडच्या थरांत कितीतरी पट.

मुलांना इथे थांबवा आणि विचारा, कीहोंचा आकडा चुकीचा होता का? नव्हता. शिसं खरोखर सगळ्यांच्या शरीरात सापडत होतं. चुकीचा होता तो दुवा: 'जे सगळ्यांत आढळतं ते नैसर्गिक'. सगळेच दूषित झाले असतील तर दूषित माणूसच सर्वसाधारण दिसतो. खऱ्या आकड्यावरून खोटा निष्कर्ष निघू शकतो, ही गोष्ट मुलांना प्रचंड धक्का देते, आणि तो धक्का उपयोगाचा आहे. त्यानंतर वर्गात 'आकडा दिलाय ना मी' हे उत्तर पुरत नाही, हे मुलांचं मुलांनाच कळतं. मोटारगाड्यांसाठीच्या शिसंयुक्त पेट्रोलची विक्री जगात शेवटी २०२१ मध्ये थांबली, हेही सांगा. पॅटरसनांच्या त्या मांडणीनंतर ५६ वर्षांनी. चांगला युक्तिवाद लगेच जिंकतो असं नाही, हे मुलांपासून लपवू नये.

आता 'दुसरं कारण असू शकेल का' याकडे. युक्तिवादाचा दर्जा खऱ्या अर्थाने इथे ठरतो, आणि मुलं सहसा इथवर आपणहून पोचत नाहीत. आपल्याला जे वाटतं ते आणि समोर जे दिसतं ते वेगळं ठेवणंच मुलांना, आणि बऱ्याच मोठ्यांनाही, जड जातं, हे मानसशास्त्रज्ञ डीॲना कून यांच्या संशोधनात फार स्पष्टपणे आलं आहे. पुरावा मागितला की मूल आपली समजूतच पुन्हा सविस्तर सांगतं. 'धुरामुळे दमा होतो, कारण धूर फुप्फुसात जातो.' हे स्पष्टीकरण म्हणून ठीक आहे. पण धुरामुळेच झालं याचा पुरावा यात नाही. अशा वेळी मी 'पुरावा दे' म्हणत नाही. 'तुझं म्हणणं खरं असेल तर आपल्याला काय दिसायला हवं, आणि खोटं असेल तर काय दिसेल?' असं विचारते. या एका प्रश्नाने वर्ग हलतो.

लंडनमधलं डिसेंबर १९५२ चं धुरकं इथे कामाला येतं. ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस कोळशाचा धूर शहरावर कोंडून राहिला. सुरुवातीला सुमारे ४,००० जादा मृत्यू धरले गेले. पण मृत्यूचं प्रमाण त्यानंतरही काही महिने चढंच राहिलं, आणि ते फ्लूच्या साथीमुळे असं सरकारी स्पष्टीकरण होतं. २००१ मध्ये बेल आणि डेव्हिस या संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. सगळे जादा मृत्यू फ्लूच्या अंगावर टाकायचे तर साथ कितीतरी मोठी असायला हवी होती, असं दिसलं, आणि धुरक्याच्या बळींचा अंदाज १२,००० च्या घरात गेला. मुलांना दोन्ही कारणं द्या आणि विचारा: फ्लू की धूर हे ठरवायला तुम्ही कुठल्या नोंदी मागाल? उत्तर मी देत नाही. नोंदींची यादी त्यांनीच करायची: फ्लूचे रुग्ण किती होते, शेजारच्या धूर नसलेल्या भागात मृत्यू वाढले का, मेलेल्यांची वयं काय. पुरावा मागायला येणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, आणि पुरावा देण्याच्या आधी ती यावी असं मला वाटतं.

प्रयोग करता आला तर वाद किती स्वच्छ मिटतो, यासाठी कॅनडातल्या सरोवर क्रमांक २२६ ची गोष्ट सांगा. तळ्यांत शेवाळ माजण्याला फॉस्फरस कारणीभूत की कार्बन, असा त्या काळी मोठा वाद होता. डिटर्जंटमध्ये फॉस्फेट असल्यामुळे या वादात उद्योगाचं बरंच काही गुंतलेलं होतं. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ते सरोवर मधोमध पडदा टाकून दोन भागांत विभागलं. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडले, दुसऱ्या भागात तेच दोन्ही आणि शिवाय फॉस्फरस. फॉस्फरस मिळालेला भाग हिरवागार झाला, दुसरा जवळपास होता तसाच राहिला. विमानातून काढलेलं ते छायाचित्र मिळालं तर जरूर दाखवा. आधी मात्र रचनेची आकृती फळ्यावर काढा आणि 'कुठला भाग हिरवा झाला तर कुणाचं म्हणणं खोटं ठरेल' हे मुलांकडून वदवून घ्या. छायाचित्र आधी दाखवलं तर विचार करायला काही उरत नाही.

एक घोळ मात्र वेळीच सोडवा. प्रदूषणावरच्या प्रश्नांत दोन वेगळे प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळलेले असतात. नाल्यामुळे ऑक्सिजन घटला का, हा एक. नाला बंद करावा का, हा दुसरा. पहिला नोंदींनी सुटू शकतो. दुसऱ्यासाठी नोंदी लागतातच, पण खर्च कोण करणार, कुणाच्या पोटावर पाय येणार, कुणाला आधी पाणी मिळायला हवं, हे सगळं त्यात येतं, आणि तिथे माणसं प्रामाणिकपणे वेगवेगळ्या बाजूंना असू शकतात. हे दोन प्रश्न एकाच तासात एकत्र घेतले की मुलं दुसऱ्याच्या आवेशात पहिल्याचं उत्तर ठरवून टाकतात. 'कारखानदार लोभी असतात' हे वाक्य ऑक्सिजनच्या आकड्याचा पुरावा म्हणून येतं ते असंच. मी आधी पहिला प्रश्न पूर्ण मिटवते, वहीत लिहून घेते, आणि मगच दुसऱ्याला हात घालते.

दुसऱ्या प्रकारासाठी पिशव्यांचं उदाहरण चांगलं, कारण त्यात मुलांची पाठ झालेली उत्तरं उपयोगी पडत नाहीत. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावर होणाऱ्या परिणामाच्या बाबतीत एकदाच वापरल्या जाणाऱ्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा सरस ठरायला कागदी पिशवी किमान ३ वेळा आणि सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते. हे ऐकून वर्गात गलका होतो. तो होऊ द्या. मग विचारा की हा आकडा कशाचा आहे. तापमानवाढीचा. समुद्रात गेलेल्या पिशवीचा, प्राण्यांच्या पोटात सापडणाऱ्या तुकड्यांचा हिशेब त्यात नाही. मग 'प्लॅस्टिक चांगलं' हा दावा टिकतो का? 'कुठल्या निकषावर' हे शब्द वाक्यात आल्याशिवाय कुठलाच दावा टिकत नाही, आणि मुलं ते शब्द स्वतःहून घालायला लागतात.

गटचर्चेविषयी. दोघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात, कारण असहमत होणं मुलांना मैत्रीच्या आड येणारं वाटतं, आणि हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाला विरोध करणं तर धाडसच वाटतं. म्हणून विरोध हे कामच नेमून द्या. चौघांच्या गटात एकाकडे फक्त दुसऱ्या कारणाची बाजू सांभाळायची जबाबदारी, आणि ती दर वेळी फिरती. आपलं मत तेच असायला हवं असं नाही, हे सर्वांना माहीत असल्यामुळे विरोध मनाला लागत नाही. बोलण्याआधी प्रत्येकाने दोन मिनिटं एकट्याने लिहायचं. न लिहिलेली मुलं गटात पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे जातात. शेवटी गटाने एकमत सांगायचं बंधन ठेवू नका. कुणाचं मत बदललं आणि कशामुळे, एवढं सांगायचं. वादविवाद स्पर्धेचा साचा मी विज्ञानाच्या तासात वापरत नाही, कारण तिथे मत बदलणारा हरतो. इथे चांगल्या पुराव्याने मत बदलणाऱ्याचं कौतुक व्हायला हवं.

आपलीही एक सवय यात आड येते. विज्ञान शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात आणि पुराव्यानिशी बोलतात. उत्तर आल्यावरही तसंच थांबायचं. लगेच 'छान' म्हटलं की चर्चा संपते. 'बरं, यावर कुणाला काय वाटतं?' हे वाक्य तोंडात बसवून घ्या.

लिहिण्यासाठी सुरुवातीला अर्धवट वाक्यं द्यावीत. 'आमचं म्हणणं असं की...', 'हे आम्ही या नोंदीवरून म्हणतो...', 'ही नोंद इथे लागू पडते, कारण...', 'कुणी म्हणेल की..., पण...', 'आमचं म्हणणं चुकीचं ठरेल, जर...'. शेवटची दोन सर्वांत मोलाची. काही आठवड्यांनी ही वाक्यं फळ्यावरून काढून टाका, नाहीतर मुलं रिकाम्या जागा भरल्यासारखं लिहायला लागतात आणि 'कारण' या शब्दापुढे काहीही येतं.

तपासणीचं बोलू. वर दिलेल्या नदीच्या प्रश्नावर दोन धर्तीची उत्तरं येतात. एक असं: "मासे नाल्यामुळेच मेले. नाल्यात सांडपाणी असते व त्यामुळे ऑक्सिजन ३.८ झाला. म्हणून सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे." दुसरं असं: "नाला हे कारण असण्याची शक्यता जास्त आहे. सूक्ष्मजीव घाण कुजवताना ऑक्सिजन वापरतात आणि त्याला वेळ लागतो, म्हणून नाल्याजवळ ६.६ आणि खाली ३.८ आहे. तापमान हे कारण नाही, कारण तिसऱ्या ठिकाणचे पाणी गार आहे. सकाळची वेळ हे थोडे कारण असेल, पण चौथ्या ठिकाणी सकाळीच ६.० आहे. तिसऱ्या ठिकाणी शेवाळ जास्त आहे का ते बघायला पाहिजे."

नेहमीच्या पद्धतीने तपासलं तर दोघांना जवळपास सारखे गुण पडतील. निष्कर्ष एकच, पहिल्याचा तर उपायही लिहिलेला. पण पहिल्यात दुवा नाही आणि दुसऱ्या कारणाचा विचारही नाही. दुसऱ्यात दोन पर्यायी कारणं तपासलेली आहेत, एक पूर्ण नाकारलं आहे, एक अंशतः मान्य केलं आहे, आणि कुठे खात्री नाही तेही सांगितलं आहे. ऑस्बोर्न, एर्डुरान आणि सायमन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या पाच पायऱ्या मला इथे उपयोगी वाटतात. सर्वांत खाली, दाव्यासमोर नुसता दावा. त्याच्या वर, दाव्याला आधार आहे पण प्रतिवाद नाही. मग कच्चा प्रतिवाद, मग स्पष्ट प्रतिवाद, आणि सर्वांत वर एकाहून जास्त प्रतिवाद पेलणारा सविस्तर युक्तिवाद. पहिलं उत्तर दुसऱ्या पायरीवर आहे, दुसरं पाचव्या. मी यात एक भर घालते: दुवा विज्ञानाच्या दृष्टीने बरोबर हवा. 'गार पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो' असं लिहून केलेला प्रतिवाद कितीही ऐटबाज असला तरी त्याला गुण नाहीत.

कधी कधी एखादं मूल विचारतं, "३.८ ला मासे त्रासतात, पण मरतात कशावरून?" फार मोठी शंका आहे ही. रात्रीत आकडा आणखी खाली गेला असेल, किंवा सांडपाण्यातल्या अमोनियासारख्या विषारी पदार्थाने मारलं असेल. ऑक्सिजनच्या नोंदी एवढंच सांगतात की तिथे काहीतरी बिघडलं होतं. असं विचारणाऱ्या मुलाला उत्तर बाजूला ठेवून शंकेसाठी वेगळे गुण द्या, आणि वर्गासमोर द्या.

यातून एक गोष्ट लक्षात येईल: विषयाचं ज्ञान नसेल तर युक्तिवाद होत नाही. मासे, तापमान, सूक्ष्मजीव, प्रकाशसंश्लेषण यांतलं काहीच शिकवलं नसताना 'चर्चा करा' म्हटलं तर मतांची देवाणघेवाण होते, बाकी काही नाही. त्यामुळे धड्याच्या सुरुवातीला युक्तिवाद नको. निम्मा धडा नेहमीसारखा शिकवा, मग हा तास घ्या.

वेळेच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. झोहर आणि नेमेत यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नववीच्या मुलांना आनुवंशिकतेच्या धड्यासोबत युक्तिवाद उघडपणे शिकवला. या मुलांचा युक्तिवाद तर सुधारलाच, आनुवंशिकतेच्या ज्ञानातही ती पारंपरिक पद्धतीने शिकलेल्या मुलांच्या पुढे गेली. म्हणजे हा वेळ धड्यातून वजा होत नाही. नदीच्या तक्त्याला सलग दोन तास लागतात, एका तासात तो कोंबू नका. पूर्ण धड्यात असा एकच प्रसंग घ्या. बाकी दिवशी उरलेल्या पाच मिनिटांत एकच नोंद फळ्यावर लिहा आणि 'यावरून काय म्हणता येईल, आणि काय म्हणता येणार नाही?' एवढं विचारा. सुरुवातीला 'काय म्हणता येणार नाही' या भागावर वर्ग गप्प बसेल. थांबा, आणि उत्तर स्वतः देऊ नका.